एचटी-2, एकास सहा: बांधणी ते पहिलं उड्डाण

22 जून
नकाशा छापून आला. एचटी-2 या विमानाचं रिमोटवर उडणारं मॉडेल करायचंय, त्याचं तीन बाजूंचं रेखाटन, एकास सहा या प्रमाणात. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत 10.72 मीटर, म्हणजे आपले पावणेदोन मीटरच्या थोडे वर. लांबी 7.53, म्हणजे आपली सव्वा मीटर. अख्खा पंख जिन्यातून खाली उतरणार नाही, म्हणून दोन तुकड्यांत करायचा आणि मधे कार्बनची नळी घालायची.

दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर का नाही, मस्टँग का नाही, हे विचारून झालं सगळ्यांचं. त्यांचे नकाशे, किट, व्हिडिओ सगळं तयार मिळतं. जगभर हजारोंनी उडवलीत, त्यात शोधायचं काय राहिलं? एचटी-2 हे आपल्याकडं आराखडा होऊन आपल्याकडंच बनलेलं पहिलं विमान. ऑगस्ट 1951 मध्ये बंगळूरला उडालं. आराखडा डॉ. विष्णू माधव घाटगे यांचा, जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल या हवेच्या प्रवाहाच्या शास्त्रज्ञाकडं शिकून आलेला मराठी माणूस. इथं बेळगावला उद्यमबागेत आमच्या शेडमधल्या पोरांना विचारलं, एकालाही नाव माहीत नाही.

सोय अशी की चाकं आत ओढायची भानगड नाही, पाय पक्के. गैरसोयी तीन: पंख खाली, टोकाकडं निमुळता, आणि तिसरं चाक शेपटीला. नव्या विमानाच्या पहिल्या उड्डाणाला यातली एक असली तरी पुरे होते.

13 जुलै
उजवा पंख टेबलावर. मुळाशी रुंदी 310 मि.मी., टोकाला 190. काळजी सगळी त्या 190 ची आहे.

मोठा पंख नुसता लहान केला म्हणजे तो तसाच वागेल असं नसतं. पृष्ठभागाला चिकटून जाणारा हवेचा पातळ थर असतो. प्रांटलने 1904 मध्ये मांडला तोच. तो थर पंखाला किती वेळ धरून राहतो ते बरंचसं रेनॉल्ड्स संख्येवर ठरतं, म्हणजे वेग, पंखाची रुंदी आणि हवा यांवरून निघणाऱ्या आकड्यावर. खऱ्या एचटी-2 ची ही संख्या उतरताना तीस लाखांच्या घरात जाते, माझ्या मॉडेलच्या टोकाशी तीच दीड लाखाच्या आत. एवढ्या कमी संख्येला थर लवकर सुटतो आणि सगळ्यात अरुंद जागी सगळ्यात आधी सुटतो. एका बाजूचं टोक दमलं, म्हणजे थर सुटून त्याची उचल गेली, की तो पंख धप्पकन खाली जातो. उंचावर झालं तर सावरता येतं. उतरताना पाच मीटरवर झालं तर पोतं घेऊन गोळा करायला जायचं.

यावर उपाय दोन. टोकाची मागची कड वर पिळायची, म्हणजे टोक दोन अंशांनी कमी कोनात राहतं आणि मुळानंतर दमतं. आणि टोकाच्या रिब, म्हणजे पंखाच्या फासळ्या, जरा जाड, पुढून गोल. शेवटच्या रिबखाली मागच्या बाजूला साडेसहा मि.मी.ची पट्टी ठेवून सगळं सांगाड्यातच चिकटवलं. दोन्ही पंखांना पट्टी तीच. डाव्याला वेगळी कापली तर पीळ वेगळा येणार आणि पीळ नसलेला परवडला असं होणार.

3 ऑगस्ट
पाऊस थांबायचं नाव नाही. बाल्सा इक्वेडोरहून आलेला, इथल्या दमटपणात कालची सरळ पट्टी आज धनुष्य. कपाटात साठ वॉटचा बल्ब लावून ठेवलाय, लाकूड आत, आणि कपडे बाहेर. घरात त्यावर बोलणं झालं.

7 सप्टेंबर
गणपती आटोपले. बेळगावची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्यामुळं आज कानात अजून ढोलच.

शेपूट पूर्ण. सपाट पत्रा नाही, उघडा सांगाडा आणि वर प्लास्टिकची पातळ फिल्म. शेपटीतला एक ग्रॅम वाचला की नाकात तीन ग्रॅम शिसं वाचतं, म्हणून ब्लेड घेऊन जिथं कापता येईल तिथं कापलंय. आडवी शेपूट नकाशापेक्षा दहा टक्के मोठी ठेवली आहे. प्रमाणाचे सोवळे पाळणारे नाक मुरडतील. मुरडू देत. हवा काही प्रमाणात लहान होत नाही.

1 ऑक्टोबर
खंडेनवमी. शेडमधल्या लेथ, मिलिंग, ड्रिल सगळ्यांची पूजा झाली आणि बायकोनं विमानाच्या नाकालाही झेंडू लावला. प्रोपेलर तेवढा काढून ठेवला होता. पूजेलासुद्धा बॅटरी आणि प्रोपेलर एकत्र विमानावर नकोत.

पाय 4 मि.मी. पियानो वायरचे, बाकात (व्हाइसमध्ये) धरून वाकवले. चाकांचे हब पुतण्यानं टर्न करून दिले. तो हत्तरगीच्या एसईझेडमध्ये कामाला आहे, तिथं खऱ्या विमानांचे सुटे भाग बनतात, त्यामुळं तो मायक्रॉनच्या खाली बोलत नाही. "काका, रनआउट किती चालंल?" म्हणून विचारलं, म्हणजे फिरताना डगमग किती. म्हटलं, गायरानातल्या मुरमावर फिरायचंय, तुला आवडेल तेवढा ठेव.

26 ऑक्टोबर
दिवाळी संपली, वजन झालं: बॅटरीसकट 3.1 किलो. पंखाचं क्षेत्रफळ 44.7 चौरस डेसिमीटर, म्हणजे दर चौरस डेसिमीटरला 69 ग्रॅम. हलकं नाही, पण या आकाराला चालतं.

आता त्यावरून वेग. आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहोत आणि सकाळीही हवा वीस अंशांची धरली, तर ती पुस्तकातल्या हवेपेक्षा नऊ-दहा टक्के विरळ. गणित मांडलं तर हे विमान ताशी 36 ते 38 कि.मी.ला दमणार. किनाऱ्यावर, थंड हवेत, दोनेक कि.मी. कमी लागले असते. उतरताना दमण्याच्या वेगाच्या 1.3 पट धरायचं, म्हणजे 48 च्या आसपास. डोळ्याला ते फार वेगवान दिसणार आणि हात आपोआप मागं ओढायला जाणार. माझा तर जाणारच.

गुरुत्वमध्य: पंखाची वायुगतिकी सरासरी रुंदी (मूळ आणि टोकाची साधी सरासरी नव्हे) 255 मि.मी., तिच्या 25 टक्क्यांवर ठेवायचा. पंखाची पुढची कड थोडी मागं झुकलेली आहे, ते धरून मुळाच्या पुढच्या कडेपासून 82 मि.मी. तिथं पेन्सिलनं खूण केली, दोन खिळ्यांवर विमान तोललं. शेपूट खाली. बॅटरी पुढच्या भिंतीला टेकवली, तरी खाली. शेवटी नाकात 90 ग्रॅम शिसं. खऱ्यात त्या जागी सिरस मेजर इंजिनाचे चार सिलिंडर उलटे टांगलेले असतात, माझ्याकडं मुठीएवढी मोटर, तेव्हा शिसं लागणारच होतं.

30 टक्क्यांवरही उडेल म्हणतात. उडेल. पण नाक जड असलेलं विमान मंद वागतं, एवढंच. शेपूट जड असलेलं पहिल्या दहा सेकंदांत हातातून जातं. पहिल्या उड्डाणाला मला मंद चालेल.

16 नोव्हेंबर
मोटर चाचणी. 14 बाय 7 इंचांचा प्रोपेलर, चार सेलची 4000 एमएएच बॅटरी, पूर्ण थ्रॉटलला 43 अँपिअर, साधारण 630 वॉट. विमान मागून दोरीनं काट्याला बांधलं, ओढ 2.9 किलो. उभं चढणार नाही, पण धावून नीट उठेल. मोटर दोन अंश उजवीकडं आणि दोन अंश खाली वळवून बसवली आहे.

फेलसेफ: ट्रान्समीटर बंद केला की मोटर थांबली पाहिजे. थांबली. एलेव्हेटर (आडव्या शेपटीची हलती पट्टी, नाक वर-खाली करणारी) 12 मि.मी. वर, 12 खाली, 30 टक्के एक्स्पो, म्हणजे काडी मध्याजवळ मऊ. एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, विमान कलवणाऱ्या) वर जास्त, खाली कमी. खाली गेलेला एलेरॉन त्याच टोकाला आणखी दमवतो, म्हणून.

30 नोव्हेंबर
मैदान ठरलं. शहराजवळ प्रश्नच नाही: सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं ठाणं दोन्ही, ड्रोन कुठं उडवता येतात ते दाखवणाऱ्या सरकारी डिजिटल स्कायच्या नकाशावर भोवती लाल आणि पिवळं. इकडं कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर. त्यामुळं खानापूरच्या बाजूला, हिरव्या पट्ट्यात, एका गावाचं गायरान. तिथं 120 मीटरपर्यंत जाता येतं, मला तेवढी गरजही नाही. पंचायतीच्या मेंबरना भेटून सांगितलं. त्यांचा प्रश्न एकच: "कॅमेरा हाय काय त्यात?" नाही म्हटल्यावर चहा आला.

पट्टा पूर्व-पश्चिम, हिवाळ्यात सकाळी वारा पूर्वेकडून, म्हणजे पूर्वेला तोंड करून उठायचं आणि पश्चिमेकडून उतरायचं. उडवणारा दक्षिण कडेला उभारला तर सूर्य पाठीमागं उजवीकडं राहतो. विमान सगळं उत्तरेला फिरवायचं, डोक्यावरून आणायचंच नाही. वाईट काय, तर पश्चिम टोकाला उसाचा फड, तोडायला अजून महिना आहे. उतरताना त्याच्यावरूनच यायचं. उसात गेलेलं विमान सापडतं, पण तोडणीला.

14 डिसेंबर
सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, शहरात पोलीसच पोलीस. विमान चादरीत गुंडाळून पहाटेच बाहेर काढलं, उगाच कोणी विचारायला नको.

आज फक्त जमिनीवर धावणं. वारूळ होतं ते टाळून पट्टा थोडा उत्तरेला सरकवला, मोठे दगड वेचले. थ्रॉटल एकदम दिला की विमान डावीकडं पळतं. प्रोपेलरचा पीळ आणि शेपूट जमिनीला, दुसरं काय होणार. हळूहळू दिला आणि उजवा रडर (उभ्या शेपटीची हलती पट्टी) धरला की सरळ. शेपूट उचलून पट्टाभर धावतं. त्याहून जास्त द्यायचं नाही असं ठरवून आलो होतो, आणि चाकं हलकी व्हायला लागली की थ्रॉटल बंद केला. "जरा उचलून बघू" यात जितकी मॉडेलं गेलीत तितकी वादळात गेली नसतील.

उडवणार मी नाही. हे जूनपासून ठरलेलं आहे आणि त्यावर मित्रांशी वाद झालेत. बांधणाऱ्याला प्रत्येक रिब दिसत असते. विमान एका बाजूला कललं की त्याच्या बोटांत सहा महिने उतरतात आणि तो हवं त्याहून जास्त ओढतो. खरं एचटी-2 पहिल्यांदा उडवलं कॅप्टन जमशेद मुन्शींनी. घाटगे खाली उभे. माझ्याकडं मुन्शी नाहीत, पण गडहिंग्लजचा मेव्हणा आहे. तो दर रविवारी फोमची विमानं उडवतो, दोन-चार आपटून पुन्हा चिकटवतो, आणि माझ्या रिब त्याला दिसत नाहीत.

21 डिसेंबर
सकाळी धुकं. साडेआठला ओसरलं, गवतावर दव होतं. वारा पूर्वेकडून, वाळलं गवत जेमतेम हलवणारा. मेव्हणा, पुतण्या आणि मी. शेळ्या घेऊन आलेल्या मामांना विनंती केली की फडाकडं जाऊ नका; त्यांनी मान हलवली. गावातली पोरं बांधावर बसवली.

यादी मोठ्यानं वाचली: पंखाचा स्क्रू, बॅटरीच्या दोन्ही पट्ट्या, गुरुत्वमध्य, सगळ्या दिशा, रेंज, फेलसेफ, टायमर पाच मिनिटं. मेव्हण्याला कंटाळा आलेला दिसला. तरी वाचली.

"दाजी, आता गप माझ्या डाव्या बाजूला उभारायचं. ट्रिम सांगीन तेवढीच मारायची. ओरडायचं न्हाई," मेव्हणा म्हणाला. ट्रिम म्हणजे काडी न धरता विमान सरळ राहावं म्हणून करायची बारीक दुरुस्ती.

थ्रॉटल हळूहळू. शेपूट वर, थोडं डावीकडं, उजवा रडर, सरळ. पट्ट्याच्या अर्ध्यातच उठलं. मला वाटलं होतं त्याच्या आधी. उठल्याबरोबर नाक वर आणि डावा पंख खाली. मेव्हण्यानं ओढलं नाही. उलट ट्रान्समीटरची काडी पुढं दाबून धरली आणि विमान सपाट ठेवून वेग घेऊ दिला. मी असतो तर? असो.

"एलेव्हेटर खाली. अजून. अजून. एलेरॉन उजवीकडं दोन." त्याचे दोन्ही अंगठे काड्यांवर, ट्रिमची बटणं मी दाबतोय. पहिलं वळण झालं तेव्हा विमान हात न लावता सरळ जात होतं. बांधावर अर्धी पोरं "आलं, आलं" आणि अर्धी कन्नडमध्ये तेच, "बंतु, बंतु". खालच्या बाजूला मारलेले काळे पट्टे उपयोगी पडले: चंदेरी विमान फिकट आभाळात हरवतं, पण वळताना पोट दिसलं की कुठं तोंड आहे ते लगेच कळतं.

ऐंशीएक मीटरवर नेलं. आता खरं काम. थ्रॉटल बंद, नाक हळूहळू वर, वेग खाऊ द्यायचा. विमान आधी नुसतं डुगडुगलं, खाली बसायला लागलं, आणि मग डावा पंख गेला. चाळीसेक अंश. मेव्हण्यानं काडी सोडली, थ्रॉटल दिला, रडर उजवा. पंधरा मीटर खर्च करून सरळ. पुन्हा केलं, पुन्हा डावाच. म्हणजे दोन अंशांचा पीळ पुरेसा नाही, पण आधी डुगडुगून सांगतं तरी. उतरताना ते डुगडुगणं दिसू द्यायचं नाही, इतकं आता माहीत झालं.

दुसऱ्या सावरण्यात वेग वाढला आणि पुतण्या मागून म्हणाला, "काका, कायतरी पडलं." चकाकलं आणि फडात गेलं. कॅनॉपी, वैमानिकाच्या जागेवरचं पारदर्शक झाकण. ती चार चुंबकांवर होती. फुगीर भागावरून हवा वेगानं जाते, तिथला दाब उतरतो आणि ती वर खेचली जाते. मैदानात चुंबकं ओढून बघितली तेव्हा ही ओढ कुठली असायला?

"काय पडलं?" मेव्हणा. नजर वरच.
"कॅनॉपी. बॅटरी आहे."
"चाललंय तोवर आहेच की."

तेवढ्यावर बोलणं संपलं. बॅटरी दोन पट्ट्यांनी बांधलेली होती. एकच असती तर मी इतक्या शांतपणे सांगितलं नसतं. उघड्या भोकामुळं आवाज बदलला, थोडं नाक खाली घेत होतं, एक क्लिक वर दिली.

साडेतीन मिनिटांना उतरायला वळला. फडावरून, थ्रॉटल एक चतुर्थांश, बेतानं. आणि शेळ्या पट्ट्यावर. मामा त्यांच्या मागं काठी घेऊन पळताहेत, त्यामुळं त्या आणखी पट्ट्यावरच.

पुन्हा वर जायचं, आणि अख्ख्या उड्डाणातली सगळ्यात वाईट घडी हीच: वेग कमी, उंची कमी, आणि घाबरून पूर्ण थ्रॉटल दिला तर प्रोपेलरचा पीळ विमानाला डावीकडं लोळवतो. डावाच पंख कच्चा आहे हे दोन मिनिटांपूर्वीच बघितलेलं. मेव्हण्यानं थ्रॉटल जणू दुधाचं भांडं उतरवतोय तसा सरकवला, रडर उजवा, नाक सपाट. शेळ्यांवरून गेलं. एक शेळी तेवढी बसली.

दुसऱ्यांदा पट्टा मोकळा. फडावरून जास्त वेगात आला, मला वाटलं पट्टा संपणार. तीन चाकांवर बसवायचा मोह टाळून पुढच्या दोन चाकांवर टेकवलं, एक उडी, परत टेकलं, शेपूट आपोआप खाली. थांबताना उजवं चाक दगडाला लागलं आणि पाय मागं वाकला. टायमर वाजला तो विमान हातात घेतल्यावर.

फडात कॅनॉपी शोधली. ऊस डोक्याच्या वर, आत दहा पावलांवर माणूस दिसत नाही. पानांनी हात कापून घेऊन परत आलो. मामांना चहा पाजला. शेळी बरी आहे.

22 डिसेंबर
चार्जिंगला बॅटरीनं 2100 एमएएच घेतलं, म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त. टायमर पाच मिनिटंच राहील.

व्हिडिओ हळू करून बघितला. उठताना नाक वर गेलं ते एलेव्हेटरच्या बैठकीमुळं. ट्रिममध्ये जेवढं खाली दिलं तेवढं आता दांड्याची लांबी बदलून घेतलं आणि ट्रिम मध्यावर आणली. डाव्या पंखाचं वजन उजव्यापेक्षा 11 ग्रॅम जास्त निघालं, उजव्या टोकात शिसं भरलं. पण दमताना डावाच पंख जायला 11 ग्रॅम पुरेसे नाहीत. पट्टी तीच असूनही फिल्म ताणताना पीळ हललेला असणार. कोन मोजायच्या काट्यानं मोजलं: उजवीकडं दोन अंश, डावीकडं दीड. हीट गननं डावा पंख पिळून धरला, फिल्म तापवली, आता दोन्ही दोन.

पाय बाकात सरळ केला.

28 डिसेंबर
दोन्ही एलेरॉन मध्यापासून 2 मि.मी. वर ठेवले आहेत, म्हणजे टोकाला पीळ वाढल्यासारखंच होतं. वेग थोडा जातो, जाऊ दे. आज दमवून बघितलं तर डुगडुगतं, नाक खाली घालतं, पंख क्वचितच जातो, आणि कधी डावा तर कधी उजवा. याहून जास्त निमुळत्या पंखाकडून मागू नये.

गुरुत्वमध्याची परीक्षाही घेतली. उंचावर ट्रिम करून 45 अंशांत खाली सोडायचं आणि हात काढायचा. आपणहून जोरात वर येतं, म्हणजे नाक गरजेपेक्षा जड आहे. बॅटरी मागं सरकवून 82 चा 86 केला, वर येणं मऊ झालं. नाकातलं शिसं इतक्यात काढणार नाही.

वर असताना मेव्हण्यानं ट्रान्समीटर माझ्याकडं दिला. वळणं घेतली, आठचा आकडा काढला. उतरवायला परत त्याच्याकडं. "दाजी, आता तुम्हीच उतरवा की," म्हणाला. फड तुटल्यावर, म्हटलं.

कॅनॉपी नवी करतोय. लाकडाचा ठोकळा घासून आकार झाला; त्यावर दोन लिटरची पाण्याची बाटली चढवून हीट गननं आवळायची. एका बाटलीत लांबी बसत नाही, म्हणून पुढचा आणि मागचा तुकडा वेगळा, सांधा चौकटीच्या पट्टीखाली. चुंबकं राहतील, पण पुढच्या बाजूला दोन पिना आणि मागं सरकती कडी. पुतण्या कडीचं ड्रॉइंग मागतोय, टॉलरन्ससकट.